सहाध्यायाचे साह्य (लेखांक ७)

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याने अभ्यास एकट्याने करावा की सोबत्यांच्या संगतीने, हा प्रश्न नाशिककरांना नवा नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या उदोजी मराठा बोर्डिंगमध्ये खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुले एका छपराखाली राहून शिकली. अशा वसतिगृहांनी अन्न आणि आसरा तर दिलाच. पण जी शंका घरी निरक्षर वडिलांना विचारता येत नसे, ती विचारण्यासाठी शेजारच्या वळकटीवरचा मुलगाही दिला, आणि माझ्या मते ही देणगी लहान नव्हती.

मुलांनी मुलांना शिकविण्याची रीत आपल्याकडे पंतोजींच्या काळापासून रूढ होती. थोरल्याने धाकट्यांकडून पावकी-निमकी म्हणवून घ्यावी, हा त्यांच्या शाळेतील शिरस्ताच. मद्रासेतील अनाथ मुलांच्या शाळेचा अधीक्षक अँड्र्यू बेल याने देशी शाळेतील मुले वाळूवर अक्षरे गिरविताना पाहून तो प्रकार आपल्या शाळेत उचलला, मुलांनाच शिक्षक नेमले, १७९७ साली लंडनमध्ये त्याचा वृत्तान्त छापला, आणि पुढे ही पद्धती इंग्लंडभर पसरली. तेथे तिचे मोठे आकर्षण शिक्षकांच्या वेतनातील बचत हे होते. शिकविणाऱ्या मुलाचा स्वतःचा लाभ मात्र मला त्याहून मोलाचा वाटतो.

दहावीच्या भूमितीतील पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता मुखोद्गत असलेला मुलगा काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकून भराभर पुढे जातो. पण समोर बसलेला सोबती ‘लंब मुळात टाकलासच का?’ असे विचारतो, तेव्हा तो थबकतो. लंबामुळे होणारे दोन्ही लहान त्रिकोण मूळ त्रिकोणाशी समरूप असतात, म्हणून प्रत्येक भुजेचा वर्ग हा संपूर्ण कर्ण आणि त्या भुजेला लागून असलेला कर्णाचा तुकडा यांच्या गुणाकाराइतका येतो, आणि दोन तुकडे मिळून कर्ण पुरा होत असल्यामुळे त्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाइतकी भरते, ही सारी साखळी त्याला प्रथमच स्वतःच्या शब्दांत जुळवावी लागते. ज्ञानाची अशी रुजुवात एकट्याने पुस्तक उघडे ठेवून होत नाही, कारण उघडे पान सर्व काही येत असल्याचा भास निर्माण करते.

परंतु चार डोकी एकत्र आली म्हणजे स्मरण चौपट होते, हा समज खरा नव्हे. वेल्डन आणि बेलिंजर या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तिघांनी मिळून आठवलेला मजकूर एकट्याने आठवलेल्यापेक्षा अधिक होता खरा, पण त्याच संख्येच्या लोकांनी वेगवेगळे बसून आठवलेल्याची बेरीज त्याहूनही अधिक भरली. दुसऱ्याच्या बोलण्याने आपल्या आठवणीचा धागा तुटतो, हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते. म्हणून धडा प्रथम प्रत्येकाने एकान्तात वाचावा, आठवेल तेवढे कागदावर उतरवावे, आणि मगच दोघातिघांनी पुस्तके मिटून एकमेकांना प्रश्न विचारावेत. समजावून सांगण्याचे काम नेहमी हुशार मुलाकडे जाऊ देऊ नये. नाही तर तो अधिक हुशार होतो आणि बाकीचे माना डोलावतात. चारांहून अधिक मुले जमली की गप्पांना ऊत येतो, हे पालकांचे गाऱ्हाणे मला रास्त वाटते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्या अनेक कुटुंबांच्या एकदोन खोल्यांत मात्र ना एकान्त मिळतो, ना सोबत्याला बसवायला जागा. मुलाला निदान मित्राकडे किंवा अभ्यासिकेत जाण्याची मुभा असते. मुलीला पुष्कळदा अंधार पडल्यावर तीही नसते, आणि अभ्यासिकेच्या शांततेत तोंडी उजळणी करता येत नाही ते वेगळेच. तेव्हा शाळा सुटल्यावर, दिवस मावळण्याच्या आत, एक वर्ग तासभर उघडा ठेवावा, तेथे बोलण्यास मज्जाव नसावा आणि एखाद्या शिक्षकाने नुसती देखरेख करावी, एवढी व्यवस्था मुख्याध्यापकांनी सहामाही परीक्षेपूर्वीच करावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.