डॉक्टरांचे दोन प्रश्न

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज सुरू झाले त्या आठवड्यातली गोष्ट. बी.ए. भाग दोनच्या वर्गावर माझा तास चालू होता. खिडकीजवळच्या बाकावर एक विद्यार्थिनी ओढणीने डावा डोळा झाकून, मान खाली घालून बसली होती. आधी वाटले, पेंगते आहे. तास संपल्यावर जवळ जाऊन पाहिले तर डोळा लालबुंद आणि पाण्याची धार लागलेली. ‘‘मॅडम, उजेड सोसवत नाही,’’ एवढेच ती म्हणाली. तशीच तिला रिक्षात बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी यंत्राखाली डोळा पाहिला आणि दोनच प्रश्न विचारले. ‘‘लेन्स घालून झोपली होतीस का?’’ आणि ‘‘लेन्सला पाणी लावलं होतंस का?’’ दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेच होते.

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली ही मुलगी. चष्म्याचा नंबर मायनस साडेपाच. सुट्टीत चंदगडकडे मामांच्या घरी तिला पाहण्याचा कार्यक्रम ठरला होता. चष्म्याचे आधी काही बोलायचे नाही, असे वडीलधाऱ्यांनी ठरवले आणि घाईघाईने कॉन्टॅक्ट लेन्स आणल्या. त्या डोळ्यात कशा घालायच्या हे दुकानात दाखवले, पण सांभाळायच्या कशा ते कोणी नीट सांगितले नाही. पाहुणे रात्री मुक्कामाला राहिले. त्यांच्यासमोर लेन्स काढून चष्मा लावायचा कसा? पोरगी तशीच झोपली. सकाळी डोळे चुरचुरू लागले म्हणून लेन्स काढून स्टीलच्या वाटीत, हंड्यातल्या पाण्यात ठेवल्या आणि तासाभराने पुन्हा घातल्या. तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला.

बुबुळावर जखम झाली होती आणि तीत जिवाणू शिरले होते. पहिले काही दिवस दर तासाला औषधाचे थेंब, रात्रीसुद्धा. गावाहून आलेली तिची आई दवाखान्याच्या बाकावर माझा हात धरून विचारत होती, ‘‘मॅडम, पोरीचा डोळा वाचंल न्हवं?’’ त्या माउलीला काय उत्तर द्यावे, मला सुचेना.

डोळा वाचला, पण उपचाराला दीड महिना लागला. मी साहित्य शिकवणारी; वैद्यकाशी माझा संबंध रुग्ण म्हणूनच. तरीही ते दोन प्रश्न डोक्यातून जाईनात. डॉक्टरांनी नेमके तेच का विचारले? मग मिळेल ते वाचत गेले. त्या दोन साध्या प्रश्नांमागे शंभरपेक्षा जास्त वर्षांचे संशोधन उभे आहे, हे तेव्हा कळले.

हवेवर जगणारा पडदा

आपल्या बुबुळावर काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया किंवा पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. शरीराच्या बहुतेक सर्व भागांना रक्तातून प्राणवायू मिळतो, पण कॉर्नियात रक्तवाहिन्याच नाहीत. त्या असत्या तर पलीकडचे स्वच्छ दिसले नसते. मग हा पडदा श्वास घेतो कुठून? थेट हवेतून. हवेतला प्राणवायू अश्रूंच्या पातळ थरात विरघळतो आणि तिथून कॉर्नियाला मिळतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या स्मेल्सर आणि ओझानिक्स यांनी 1952 मध्ये हे माणसांवरच प्रयोग करून दाखवले. डोळ्यांवर घट्ट गॉगल लावून त्यात हवेऐवजी नायट्रोजन सोडला, तेव्हा कॉर्निया सुजून धूसर झाला.

लेन्सचा इतिहास याआधी सुरू होतो. 1888 मध्ये झुरिचच्या अॅडॉल्फ फिक या डॉक्टरांनी काचेची लेन्स आधी सशांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यावर बसवून पाहिली. काही तासांनी कॉर्निया धुरकट होतो, ही नोंदही त्यांनीच केली. पुढे कडक प्लॅस्टिकच्या लेन्स आल्या. मऊ लेन्सचे श्रेय मात्र प्रागच्या ऑटो विक्टर्ले या रसायनशास्त्रज्ञाचे. 1961 च्या नाताळात त्यांनी मुलांच्या खेळण्यातला मेर्कुर संच आणि सायकलचा डायनामो जोडून घरातच लेन्स ओतण्याचे यंत्र तयार केले. 1971 मध्ये अमेरिकेने मऊ लेन्सला परवानगी दिली आणि त्या जगभर पसरल्या.

पहिला प्रश्न : झोप

लेन्स डोळ्यावर बसली की हवा आणि कॉर्निया यांच्यामध्ये एक आडोसा येतो. उघड्या डोळ्याला तेवढे चालून जाते. पण डोळा मिटला की कॉर्नियाचा प्राणवायू आधीच जागेपणीच्या साधारण एक तृतीयांशावर येतो. पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्या देतील तेवढ्यावरच भागवावे लागते. त्यामुळे तुमचा-आमचा कॉर्निया रोज रात्री तीन-चार टक्के सुजतो आणि सकाळी डोळे उघडले की पूर्ववत होतो. त्यात लेन्सची भर पडली तर? जुन्या मऊ लेन्स घालून झोपल्यावर ही सूज दहा टक्क्यांच्या वर जात असे.

1981 मध्ये अमेरिकेत सलग तीस दिवस, रात्रंदिवस घालता येतील अशा लेन्सना मान्यता मिळाली. काढा-घालायची कटकट गेली म्हणून लोक खूश झाले. पण 1989 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने दोन अभ्यास छापले. दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्या दहा हजार लोकांमागे वर्षाला सुमारे 4 जणांना बुबुळावर जखम होत होती. रात्री झोपेतही लेन्स ठेवणाऱ्यांमध्ये हाच आकडा सुमारे 21 होता, म्हणजे पाचपट. सलग जितक्या रात्री लेन्स डोळ्यात, तितका धोका जास्त, असेही दिसले. त्याच वर्षी तीस दिवसांची मर्यादा सात दिवसांवर आणली गेली.

प्राणवायू मिळाला, तरीही

सिडनीचे ब्रायन होल्डन आणि त्यांचे सहकारी यांनी 1984 मध्येच हिशेब मांडला होता, की रात्री कॉर्निया नेहमीपेक्षा जास्त सुजू नये तर लेन्समधून किती प्राणवायू आरपार गेला पाहिजे. त्या हिशेबाला उतरतील अशा सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स 1990 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आल्या. जुन्या मऊ लेन्सपेक्षा त्यांतून कित्येक पट प्राणवायू जातो. आता डोळ्यांचे संसर्ग थांबतील, अशी साऱ्यांची अपेक्षा होती.

ती खरी ठरली नाही. ऑस्ट्रेलियातला मोठा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसा साध्या मऊ लेन्स वापरणाऱ्या दहा हजारांमागे वर्षाला सुमारे 2 जणांना संसर्ग. साध्या मऊ लेन्स घालून झोपणाऱ्यांत 19.5, आणि भरपूर प्राणवायू देणाऱ्या नव्या लेन्स घालून झोपणाऱ्यांत 25.4. सूज गेली होती, संसर्ग मात्र तसाच राहिला होता.

असे का व्हावे? याचे एक उत्तर अश्रूंमध्ये आहे. पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये, म्हणजे पेनिसिलीनच्याही आधी, अश्रूंत जिवाणूंना मारणारे लायसोझाइम असते हे दाखवले होते. जागेपणी पापण्यांची सतत उघडझाप होते आणि ताजे अश्रू बुबुळ धुऊन काढतात. अंगणात रोज सडा पडावा तसेच हे. झोपेत हा सडा थांबतो. लेन्सखाली अडकलेले अश्रू शिळे होतात, आणि लेन्सला चिकटलेल्या जिवाणूंना रात्रभर बुबुळाशेजारी मुक्काम मिळतो.

या कोड्यावर आपल्या जवळच, हैदराबादलाही काम झाले आहे. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी 1987 मध्ये सुरू केलेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने होल्डन यांच्या सिडनीच्या गटाबरोबर 1990 च्या दशकात रात्री लेन्स घालणाऱ्यांचा बारकाईने मागोवा घेतला. सकाळी डोळा लाल घेऊन उठलेल्यांच्या काही लेन्सवर त्यांना हिमोफिलस इन्फ्लुएन्झा हा जिवाणू सापडला. हा मुळात नाक-घशात राहणारा. म्हणजे साध्या सर्दी-पडशातले जंतूही लेन्सवर बसून डोळ्यापर्यंत जाऊ शकतात. घरात कोणाला पडसे असेल तर हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न : पाणी

‘पाणी तर स्वच्छ होतं, आम्ही पितो तेच,’ असे त्या मुलीच्या आईचे म्हणणे होते. आपल्यापैकी बहुतेकांनी हेच म्हटले असते. पण प्यायला चांगले पाणी लेन्सला चालत नाही. नळ, विहीर, टाकी, पोहण्याचा तलाव, सगळीकडच्या पाण्यात अकँथअमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. पोटात गेला तरी तो सहसा काही करत नाही. लेन्सवर बसून बुबुळात शिरला तर मात्र महिनोन्‌महिने छळतो, कारण संकट आले की तो कवच धारण करतो आणि त्या कवचावर औषधाचे फारसे चालत नाही. आपल्या देशात हा रोग बहुतेक वेळा शेतात काम करताना डोळ्याला इजा होऊन किंवा घाण पाणी जाऊन होतो. लेन्स त्याला आणखी एक वाट करून देते.

1980 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत या रोगाचे रुग्ण अचानक वाढले. चौकशीत आढळले, की त्यांतले बरेच जण मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून लेन्सचे द्रावण घरीच करत होते. काटकसर डोळ्यावर आली. 2006 मध्ये ‘रेनू विथ मॉइश्चरलॉक’ हे द्रावण वापरणाऱ्यांत फ्युझेरियम बुरशीचा संसर्ग पसरला. अमेरिकेत 164 रुग्णांची खात्री झाली आणि ते द्रावण जगभरातून मागे घेतले गेले. 2007 मध्ये आणखी एक द्रावण अकँथअमिबामुळे परत घ्यावे लागले. त्या वेळी एक सवय मुद्दाम नोंदली गेली : डबीतले कालचे द्रावण फेकून न देता त्यावरच नवे ओतणे. कालच्या आमटीत आजची आमटी मिसळण्यासारखेच हे.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2015 मध्ये एक पाहणी जाहीर केली. लेन्स वापरणाऱ्यांपैकी जवळजवळ 99 टक्के लोक कोणती ना कोणती धोक्याची सवय बाळगून होते. तेव्हा आमच्या विद्यार्थिनीला एकटीला दोष कसा द्यावा?

घरात एवढे पाळावे

लेन्स वाईट, असे मला सुचवायचे नाही. वरचे आकडे पुन्हा पाहिलेत तर दिसेल, की दिवसा, नियमाने वापरणाऱ्या दहा हजारांतल्या दोन-चार जणांनाच हा त्रास होतो. कॉर्नियाला शंकूसारखा आकार येण्याच्या विकारात तर कित्येकांना लेन्सनेच नीट दिसते. घरात कोणी लेन्स वापरत असेल तर एवढे पाहावे :

लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासूनच घ्यावी, नंबर नसलेली रंगीत लेन्ससुद्धा. स्नेहसंमेलनात मैत्रिणीची रंगीत लेन्स मागून घालू नये.

हात साबणाने धुऊन स्वच्छ कपड्याने पूर्ण कोरडे करावेत. मिरची-मसाल्याचे हात नुसत्या पाण्याने निघत नाहीत, हे बायकांना वेगळे सांगायला नको. आधी लेन्स, मग काजळ.

झोपण्यापूर्वी लेन्स काढावी; दुपारची डुलकी आणि एसटीतली झोपही यात आली. अंघोळ आणि पोहणे लेन्सशिवाय.

लेन्स ताज्या द्रावणात बोटाने हलकेच चोळून घ्यावी. डबीतले द्रावण रोज बदलावे, डबी तीन महिन्यांनी. पाणी, घरचे मिठाचे पाणी किंवा थुंकी कधीही लावू नये. रोज नवी घालून रात्री टाकून द्यायची लेन्स घेतली तर डबीची भानगडच उरत नाही.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स ताबडतोब काढावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घरात उरलेले किंवा दुकानातून मागून आणलेले थेंब घालू नयेत; त्यांत स्टेरॉइड असेल तर जखम चिघळते. लेन्स आणि डबी बरोबर न्यावी, जंतू ओळखायला त्यांचा उपयोग होतो.

या यादीत आणखी एक गोष्ट घालावीशी वाटते, पण ती डॉक्टरांच्या कक्षेतली नाही. त्या रात्री त्या मुलीला ‘मला चष्मा आहे’ एवढे म्हणता आले असते, तर लेन्स डबीत गेली असती आणि ती सुखाने झोपली असती. मुलीचा नंबर लपवायचा असतो, हे तिला आपणच शिकवले. जे घर चष्मा पाहून मागे फिरेल, त्या घरात तिचे पुढे काय होणार होते, याचा विचार कोणी केला नाही.

तिच्या डाव्या बुबुळाच्या कडेला लहानसे फूल राहिले आहे. ते मधोमध नाही म्हणून दृष्टी बरीचशी टिकली. रात्री दिव्याभोवती अजून वलय दिसते, असे ती सांगते. यंदा ती शेवटच्या वर्षाला आहे, चष्मा लावून पहिल्या बाकावर बसते. होस्टेलवर कोणी नवी मुलगी लेन्स घेऊन आली की ही तिला आधी गाठते आणि तेच दोन प्रश्न विचारते.