हॉकीचा शौकीन शहरात जातो तेव्हा

निकाल हाती आले, की आपल्या तालुक्यातालुक्यांतून पोरं शहराची वाट धरतात. कुणी कॉलेजात, कुणी आय. टी. आय. मध्ये, कुणी कारखान्यात. राहायचं कुठं आणि जेवायचं कुठं, याचा विचार घरचे करतात, गुरुजी करतात. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात त्या पोरानं करायचं काय, याचा मात्र कुणी करत नाही. आणि परक्या गावात माणूस खचतो तो बहुधा याच वेळात. काम संपलेलं असतं, खोलीवर कुणी नसतं, रस्त्यावर हजारो माणसं असतात आणि त्यातलं एकही ओळखीचं नसतं. त्या दोन तासांपुरतंच मला आज बोलायचं आहे, आणि तेही एका विशिष्ट मुलाविषयी, ज्याला हॉकीचं वेड आहे त्याच्याविषयी.

तुम्ही म्हणाल, खेड्यात हॉकी कुठली? तर तसं नाही. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या शेतकऱ्यांच्या मुली भारताच्या संघापर्यंत पोहोचल्या. जिथं एखादा मास्तर पदरमोड करून दहा-बारा स्टिका आणतो, तिथं हॉकी रुजते. आणि जे खेळले नाहीत, त्यांतल्याही कित्येकांनी ती रेडिओवर ऐकलेली असते. १९७५ साली कौलालंपूरला भारतानं पाकिस्तानला २-१ असं हरवून विश्वचषक जिंकला, तो अंतिम सामना आपल्याकडे पुष्कळांनी कानांनीच पाहिला.

असा हा मुलगा मुंबईस जातो. कबड्डीचा गडी असता, तर चाळीतल्या मंडळानं त्याला आठवड्यात हाताला धरून नेलं असतं. क्रिकेटवाल्याला तर गल्लीच पुरते. हॉकीचं तसं नाही. तिला आखलेलं मैदान लागतं, आणि अशी मैदानं शहरात बोटांवर मोजण्याइतकी. चहाच्या दुकानात टी. व्ही. असतो, पण तिथं क्रिकेट चालू असतं. हॉकी लावा म्हणणारा वेड्यात निघतो. चार-सहा महिन्यांत त्या मुलाला वाटू लागतं, की या एवढ्या मोठ्या शहरात आपलं वेड आपल्या एकट्याचंच आहे. पुढं स्टिक खाटेखाली जाते, आणि मुलगा संध्याकाळी कुठं जाऊ लागतो, ते घरी कळत नाही.

पण हॉकीचे शौकीन थोडे असतात यात एक फायदाही आहे. थोडे असल्यामुळं ते एकमेकांना तोंडावरून ओळखतात. क्रिकेटच्या मैदानात नव्या माणसाकडे कुणी वळूनही बघत नाही. हॉकीच्या मैदानाशी तोच माणूस तीन दिवस बसला, की चौथ्या दिवशी कुणीतरी विचारतं, 'काय, कुठले तुम्ही?'

आणि हे विचारणारे लोक तरी कोण? बहुतेक तेही कधी काळी बाहेरूनच आलेले. आपल्या देशात हॉकी आणली ती इंग्रजी फौजांनी. ती छावण्यांतून रेल्वेत गेली, पोलिसांत गेली, कारखान्यांत गेली. मुंबईत ती वाढवण्यात गोव्याच्या मंडळींचा वाटा मोठा. गोव्याहून बोटीवरच्या किंवा बँडवाल्याच्या नोकरीसाठी माणूस मुंबईस आला, की तो धोबी तलावाच्या बाजूस आपल्या गावच्या 'कूड'मध्ये उतरायचा. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली स्वस्त वसतिखोली. ज्यांची मुळं गोव्यात, अशा घराण्यांतून मुंबईला किती खेळाडू मिळाले! १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारतानं इंग्रजांना त्यांच्याच राजधानीत ४-० असं हरवलं. त्या सुवर्णपदकाच्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ हे मुंबईच्या मैदानांवरचे गडी होते. त्याच संघात केशव दत्त होते. ते लाहोरचे. फाळणीनं त्यांचं गाव सीमेपलीकडे गेलं. पुढं ते कलकत्त्यास गेले, तिथं मोहन बागानकडून वर्षानुवर्षं खेळले, आणि २०२१ साली तिथंच वारले. लाहोरच्या माणसाला कलकत्त्यानं आपला म्हटलं, त्याच्या मुळाशी हा खेळ होता.

अगदी जवळचं उदाहरण हवं, तर धनराज पिल्ले. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत तमिळ घरात १९६८ साली त्यांचा जन्म झाला. वडील मैदानाची देखभाल करत. भावंडं मोडक्या स्टिका दोरीनं बांधून खेळायची. थोरले भाऊ रमेश मुंबईत राष्ट्रीय केमिकल्सकडून खेळत होते. त्यांच्या मागोमाग धनराजही मुंबईस आले, पुढं महिंद्रच्या संघात शिरले, आणि चार ऑलिंपिक खेळले. प्रत्येक पोरगा धनराज होत नाही, हे मलाही कळतं. पण नव्या शहरात शिरताना त्यांनी धरलेली वाट साधीच होती: आधी ओळखीचं एक माणूस, मग मैदान, मग नोकरी. ती वाट अजून मोकळी आहे. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या यांचे संघ असतात, आणि चांगल्या खेळाडूला त्यांतून नोकरी मिळते.

आता गावाकडच्या मुलाला पहिल्या दिवशी एक गोष्ट चक्रावून टाकते, ती सांगून ठेवतो. त्यानं हॉकी पाहिलेली असते मातीवर अगर गवतावर. शहरात ती कृत्रिम हिरवळीवर चालते, आणि हल्ली ती हिरवी नसून पुष्कळदा निळी असते. ऑलिंपिकमध्ये अशी हिरवळ पहिल्यांदा आली १९७६ साली माँट्रियलला, आणि आपला संघ तिथं सातवा आला! हॉकीच्या हिरवळीवर सामन्यापूर्वी फवाऱ्यांनी पाणी मारतात. पाऊस पडून गेल्यावरही कशाला पाणी मारतात, म्हणून नवखा हसतो. पण ओल्या पृष्ठावरून चेंडू न उसळता सरळ आणि वेगानं सरकतो. सुकलं, की तो अडखळतो. मातीवर खेळलेला मुलगा उसळलेल्या चेंडूला सवयीनं हात देतो. इथं चेंडू उसळतच नाही, म्हणून पहिले पंधरा दिवस तो सारखा चुकतो. त्यात लाज वाटण्याजोगं काही नाही.

नियमही बदलले आहेत. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव गेले. मोठ्या सामन्यांत २०१४ पासून पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात. ऑफसाइड तर नव्वदीच्या दशकातच गेली. जाणत्या प्रेक्षकाच्या शेजारी बसावं ते मात्र पेनल्टी कॉर्नर समजून घेण्यासाठी. बचावाला गोलरक्षक धरून पाचच जण गोलरेषेमागे उभे राहतात, बाकीचे सहा मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे. हल्लेवाल्यांचा एक गडी गोलखांबापासून दहा मीटरवरून चेंडू आत ढकलतो. तो चेंडू एकदा त्या अर्धवर्तुळाबाहेर गेल्याशिवाय गोलावर मारता येत नाही. पहिला फटका स्टिकनं हाणून मारला, तर तो गोलात शिरताना फळीच्या उंचीपेक्षा, म्हणजे ४६० मिलिमीटरपेक्षा, वर असून चालत नाही. पण चेंडू हाणला नाही, स्टिकवर ओढत नेऊन भिरकावला, तर कितीही उंच चालतो. म्हणून ओढून भिरकावणाऱ्या गड्याला आज प्रत्येक संघात एवढा भाव. बचाव करणारे तोंडावर मुखवटे बांधतात ते त्याच्याच भीतीनं. रेडिओवर हे सारं एका श्वासात निघून जातं. डोळ्यांनी पाहिलं, की मग पुढच्या खेपेस समालोचन ऐकतानाही ते दिसतं.

आता मैदानं कुठं आहेत ते. मुंबईत चर्चगेट स्टेशनाजवळ मुंबई हॉकी असोसिएशनचं मैदान आहे, त्याला महिंद्र स्टेडियम म्हणतात. पुण्याकडे पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंदांच्या नावाचं मैदान आहे, बालेवाडीस क्रीडासंकुलात आहे. कोल्हापुरासही ध्यानचंदांच्या नावाचं मैदान आहे. पहिल्या खेपेस मोठ्या सामन्याला जाऊ नये, असं माझं मत आहे. गर्दीत ओळख होत नाही. सरावाच्या वेळेस जावं, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. मैदानाची निगा ठेवणाऱ्या माळीदादांना आधी नमस्कार करावा. कुठला संघ कधी येतो आणि कोणता शिक्षक नवशिक्याला उभं करून घेतो, हे कार्यालयातल्या कारकुनापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असतं. मैदानावर हिंदी, कोकणी, पंजाबी, तमिळ यांची खिचडी चाललेली असते. आपली भाषा गावंढळ आहे म्हणून गप्प बसू नये. आणि हिरवळीवर खिळ्यांचे बूट घालून पाय टाकू नये. त्यावर मात्र माळीदादा खरोखरच चिडतात.

गुरुजींना एवढंच सांगणं, की मुलगा गाव सोडताना आपण दाखला देता, चार ओळींची शिफारस देता, त्याच कागदावर शहरातल्या मैदानाचा पत्ता आणि जवळचं स्टेशन लिहून द्या. आपला एखादा जुना विद्यार्थी तिथं असेल, तर त्याला आधी फोन करून ठेवा. पहिल्या रविवारी त्यानं या पोराला मैदानापर्यंत न्यावं, इतकंच काम. आणि स्टिक एस. टी. च्या डिकीत टाकू देऊ नका. ती मधल्याच एखाद्या थांब्यावर दुसऱ्याच्या सामानाबरोबर उतरून जाते. हातात धरूनच न्यायला सांगा.