हळहळीचा हिशेब

२६ जुलै २००५ च्या पावसाचे दोन आकडे मुंबईकराला पाठ असायला हवेत. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच महापालिका, मधे अंतर वीसेक किलोमीटरचं. इकडे वाकोल्यात नाला कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळेनासं झालं होतं, कलिन्यात तळमजल्यावरची कुटुंबं वरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन बसली होती आणि तिकडे कुलाब्यात जुलैतला एक साधा दिवस चालू होता. कुलाब्याच्या माणसाचं मन दगडाचं होतं असं नव्हे. लोकल बंद, फोन लागेनात. त्याला कळलंच नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की, लांबच्या, ओळखीच्या ना पाळखीच्या माणसांच्या दुःखाने आपण का हळहळायचं, हा प्रश्न हल्ली फार तावातावाने विचारला जातो. कुठे भूकंप झाला, कुठे डोंगर खचला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात दोन तट पडतात. एक तट हात जोडल्याची चित्रं टाकतो, दुसरा "आधी आपल्या गटाराचं बघा" म्हणतो. दोघांनीही काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच तपासल्यावर टिकत नाहीत.

"लांबचं ते लांबचं."

वाकोल्यासारख्या वस्तीत तरी हा शब्द जपून वापरावा. इथे गेटवर नेपाळचा वॉचमन, मार्केटात बिहारचा भाजीवाला, धुण्याभांड्याला मराठवाड्यातून आलेली बाई, समोरच्या खोलीत चिपळूणकडचं कुटुंब आणि वरच्या मजल्यावरचा मुलगा आखातात. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे ९ हजार माणसं गेली. तो शनिवार होता. उपनगरांतल्या कितीतरी गेटांवर माणसं फोन कानाला लावून उभी होती आणि समोर नुसती रेंज नसल्याची घोषणा वाजत होती. १८ ऑगस्ट २००८ ला कोसी नदीचा बांध फुटला तेव्हा बिहारच्या कुठल्या जिल्ह्यात पाणी शिरलंय हे आमच्या मार्केटातल्या टोपल्यांमागे बसलेल्यांना वर्तमानपत्राआधी कळलं होतं. दुर्घटना लांबची असते, तिच्यातला माणूस बहुधा आपल्याच रस्त्यावर असतो. आपण त्याला गाव कोणतं, एवढंही विचारलेलं नसतं.

"आधी आपलं बघा. सगळ्या जगाला पुरेल एवढी करुणा कुणाकडे असते?"

ऐकायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं. (असं म्हणणारे गटाराच्या मीटिंगला येतात का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.) मूळ समजूत अशी की माया ही मोजून मिळालेली असते, लांबच्याला दिली की जवळच्याला कमी पडते. इतिहासात याच्या उलट पुरावे आहेत आणि त्यांतला एक कदाचित तुमच्या घरातल्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यातच सापडेल.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. तेवढ्यांना जेवू घालायचं तर पैसा उभा करणं भाग होतं. त्या वर्षी १५ नोव्हेंबरपासून पत्राच्या पाकिटावर नेहमीच्या टपालखर्चाशिवाय ५ पैशांचं आणखी एक तिकीट लावणं सक्तीचं झालं. नवं तिकीट छापून होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटांवरच 'शरणार्थी सहायता' असा शिक्का मारून काम भागवलं गेलं. ही सक्ती ३१ मार्च १९७३ पर्यंत राहिली.

आता महाराष्ट्राच्या बाजूने ही तारीख बघा. १९७२ चा दुष्काळ म्हणजे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असलेला तो दुष्काळ: खडी फोडायची कामं, लाल मिलो आणि सुकडी. तो ऐन भरात असताना मराठवाड्यातून मुंबईच्या गिरणीत पाठवलेल्या पाकिटावरही परक्या देशातून आलेल्या निर्वासितांसाठी ५ पैशांचं तिकीट होतंच. त्यामुळे दुष्काळी कामांकडे दुर्लक्ष झालं का? उलट, महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच दुष्काळाच्या तोंडावर आकाराला आली आणि पुढे तिचा कायदा झाला. दोन्ही ओझी एकाच वेळी उचलली गेली. यात एक बारीक गोष्ट लपलेली आहे. त्या तिकिटासाठी कुणाला डोळ्यांत पाणी आणावं लागलं नाही. हळहळणारा आणि न हळहळणारा, दोघांचेही ५ पैसे सारखेच जमा झाले.

दुसरा दाखला कोल्हापूरचा. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे हद्दपार केलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं. या गोष्टीवर आता अभिमानाचा बराच मुलामा चढलाय, म्हणून हेही सांगायला हवं की छावणीचा खर्च सुरुवातीला लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार करत होतं. सगळा भार कोल्हापूरने पेलला, हे खरं नाही. कोल्हापूरने दिली ती जागा, शेजार आणि बाजार. युद्धामुळे धान्य मोजून मिळायच्या त्या दिवसांत तेवढंही काही कमी नव्हतं.

"इतकी माणसं मेली आणि मला काहीच वाटलं नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे."

हा गैरसमज भल्या माणसांचा असतो, म्हणून त्यावर जरा थांबू. ॲडम स्मिथने अठराव्या शतकातच लिहून ठेवलं की चीनमध्ये भूकंपाने सगळा देश गडप झाला तरी युरोपातला सज्जन माणूस चार सुस्कारे टाकून रात्री नीट झोपेल. उद्या स्वतःची करंगळी कापली जाणार असेल तर मात्र त्याचा डोळा लागणार नाही. स्मिथला पुढे विचारायचं होतं ते असं की, मग हाच माणूस करंगळी वाचवायला लाखो जीव देईल का? नाही देणार. म्हणजे भावना लहान असली तरी विवेक तेवढाच लहान असतो असं नाही.

अलीकडच्या प्रयोगांनी यात भर घातली आहे. २००७ मध्ये डेबरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी आपला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या लोकांना आधी ५ डॉलर दिले आणि मग त्यांतले हवे तेवढे मदतीला द्या, असं सांगितलं. काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे लाखांचे आकडे दाखवले, तर काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या ७ वर्षांच्या मुलीचा फोटो आणि माहिती. आकडे बघणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाला बघणाऱ्यांनी २.३८. मग दोन्ही एकत्र दाखवले, मुलगीही आणि आकडेही. रक्कम वाढायला हवी होती, ती १.४३ वर आली. आकड्यांनी मुलीला झाकून टाकलं.

त्याहून चटका लावणारा भाग पुढे आहे. लोकांना आधी समजावून सांगितलं की बघा, माणसाचं मन असं एका चेहऱ्याला भुलतं, आकड्यांपुढे बधिर होतं. त्यानंतर त्यांनी आकड्यांसाठी जास्त दिलं नाही, रोकियासाठी मात्र कमी दिलं. म्हणजे नुसत्या प्रबोधनाने माणूस शहाणा झाला नाही, त्याने फक्त हात आखडता घेतला.

आकड्यापेक्षा चेहरा लक्षात राहतो, हे किल्लारीचा भूकंप आठवणाऱ्यांना पटेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. घरंच अंगावर आली. मृतांचा आकडा ८ ते १० हजारांच्या घरातला. तो नेमका किती, हे आज लातूरबाहेर फारसं कुणी सांगू शकणार नाही. ढिगाऱ्याखालून काही दिवसांनी जिवंत निघालेली तान्ही मुलगी मात्र पन्नाशीतल्या प्रत्येकाला आठवते. तेव्हा आकडा वाचून मन हललं नाही तर स्वतःला बोल लावू नये. मनाची घडणच तशी आहे. ते मन हलण्याची वाट बघत खिशात हात घालायचं लांबवलं, तर मात्र बोल लागतो.

"टीव्हीवर जेवढं दिसतं तेवढं मोठं संकट."

याचं उत्तर थोडक्यात आहे. थॉमस आइझेनझी आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग यांनी १९६८ ते २००२ मधल्या सुमारे ५ हजार आपत्तींचा अमेरिकन बातम्यांशी ताळा घातला. ऑलिंपिक चालू असताना आलेल्या आपत्तीला बातमीतही जागा कमी मिळाली आणि मदतही. ज्वालामुखीत एक माणूस दगावला तर बातमी होण्याची जी शक्यता, तेवढीच शक्यता अन्नटंचाईला मिळायला सुमारे ४० हजार माणसं मरावी लागतात, असा त्यांचा हिशेब निघाला. भूक कॅमेऱ्यात नीट येत नाही, एवढाच याचा अर्थ.

"काय दिलं याला महत्त्व नाही, भावना महत्त्वाची."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा आमच्या इमारतीत वॉचमनच्या केबिनशेजारी बोचकी जमली. त्यांतलं एक सुटलं म्हणून आत काय आहे ते दिसलं: जरीची, बाही उसवलेली ब्लाउजं, लहान मुलाचा वाढदिवसाचा सूट, एका पायाचा बूट, कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट आणि तळाशी एक ओलसर गोधडी. वॉचमन एकेक उचलून झटकत होता. शेवटी म्हणाला, "साहब, ये तो मैं भी नहीं लूँगा." देणाऱ्यांच्या भावनेत खोट नव्हती. कपाट आवरायचं राहिलं होतं आणि पूर वेळेवर आला होता, इतकंच.

हे फक्त आमच्याकडेच घडतं असंही नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते, कारण कोळ्यांच्या बायकांना पंजाबी सूटचा उपयोग नव्हता आणि त्यांना भीकही नको होती. अंशू गुप्ता यांच्या 'गूंज' संस्थेने अशा कपड्यांची निवड, धुलाई, शिलाई करून त्यांतून वापरायच्या वस्तू बनवण्याचं काम पुढे केलं. कपडा देणं हेही शिकण्याचं काम आहे, हे आपल्या देशाला या एका माणसाने सांगितलं. पैसे पाठवणं रुक्ष वाटतं, पण पैशाला माप नसतं, तो ओला होत नाही आणि तिथल्या दुकानातच खर्च होतो.

"आधी कळवळा यावा लागतो, मग माणूस उठतो."

सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट अशीच सांगितली जाते. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. नागपूरचे डॉ. चोळकर त्यात होते आणि २७ वर्षांचे कोटणीसही. पण कोटणीसांना जग हिंडायचं होतं, निरनिराळ्या देशांत डॉक्टरकी करायची होती, हेही त्यांच्या चरित्रात आहे. बाकीचे परतले, कोटणीस राहिले, कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या तिथल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. माझं मत असं की त्यांची चीनबद्दलची माया मुंबईहून निघताना सामानात नव्हती, ती रुग्णांच्या खाटेशेजारी जमली. चिनी माणसाचं दुःख परकं वाटेनासं व्हायला आधी त्याच्या जखमेला हात लावावा लागला.

"पहिले पंधरा दिवस महत्त्वाचे, नंतर सरकार बघतं."

पहिल्या पंधरा दिवसांत जीव वाचतात, हे खरंच. पण किल्लारीच्या वेळी मोठं काम सुरू झालं ते कॅमेरे गेल्यावर. ५२ गावं नव्या जागी वसवायची होती. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ मध्ये सुरू झालेला कार्यक्रम पुढे कित्येक वर्षं चालला. भारतीय जैन संघटनेने तिथली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. मूल शिकवायचं म्हणजे दहा-बारा वर्षांचं काम अंगावर घेणं, तिथे पंधरवड्याच्या कळवळ्याने भागत नाही.

माळीणचं बघा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे पहिल्यांदा बाहेर सांगितलं ते नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एसटीच्या चालकाने. मदत आली, पुढाऱ्यांच्या भेटी झाल्या, आमडे इथे नवं गावठाण उभं राहिलं आणि एप्रिल २०१७ मध्ये त्याचं लोकार्पणही झालं. जूनमध्ये पहिलाच जोराचा पाऊस पडला आणि तिथला भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या. ती बातमी किती जणांच्या ग्रुपवर फिरली, ते ज्याने त्याने आठवून पाहावं.

म्हणून सोसायटीत मी एक सूचना मांडत आलोय: वर्गणीचे दोन हप्ते करावेत. एक लगेच पाठवावा, दुसरा पुढच्या पावसाळ्याआधी, त्या गावच्या ग्रामपंचायतीला फोन करून, काय लागतंय ते विचारून. या सूचनेला अजून बहुमत मिळालेलं नाही. आक्षेप असा की दुसऱ्या हप्त्यापर्यंत सेक्रेटरी बदललेला असतो. आक्षेपात तथ्य आहे.