रॅमचे वाण

पांढुर्णा आणि सौंसर ही मूळची छिंदवाडा जिल्ह्यातली मराठी वळणाची गावे. ऑक्टोबर २०२३मध्ये ती छिंदवाड्यापासून वेगळी होऊन पांढुर्णा जिल्ह्यात आली. जिल्हा नवा झाला की कचेऱ्या वाढतात आणि कचेऱ्यांबरोबर संगणकावरचे कामही वाढते. बँकेची शाखा असो, सहकारी संस्था असो, दवाखाना असो की संत्र्याचा मोठा व्यापारी, जिथे पाच-दहा जण एकाच हिशेबावर काम करतात तिथे एका कोपऱ्यात दिवसरात्र चालणारा सर्व्हर लागतो. चार-पाच वर्षांनी तो रेंगाळू लागतो, आणि नवा घेण्यापेक्षा रॅम वाढवणे स्वस्त पडते. नागपूर हाताशी आहे. ‘सोळा जीबीच्या दोन पट्ट्या पाठवा’ एवढा निरोप फोनवर दिला जातो, पट्ट्या येतात, रिकाम्या स्लॉटमध्ये बसतात, मशीन सुरू होते आणि काम झाले असे समजले जाते. नव्या-जुन्या पट्ट्यांची अशी सरमिसळ मुळातच चुकीची आहे असे मी म्हणत नाही. जी सरमिसळ मशीन सुरूच होऊ देत नाही तिची मला काळजी वाटत नाही. पट्टी परत करता येते. मशीन सुरू होते आणि आतून काहीतरी गमावलेले असते, त्या सरमिसळीची काळजी करायला हवी.

या संत्र्याच्या मुलुखात मुद्दा समजायला कलमाचे उदाहरण पुरेसे आहे. जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधला तर तो जीव धरतो. डोळा कोणाच्या बागेतला हा प्रश्न नंतरचा. आंब्याचा डोळा मात्र कितीही उत्तम झाडाचा आणला तरी त्या खुंटावर लागत नाही. रॅमचेही तसेच आहे. आधी पिढी पाहावी लागते. डीडीआर३ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर४ला १.२, तर डीडीआर५ला १.१, आणि प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असल्याने चुकीची पिढी स्लॉटमध्ये बसतच नाही. त्याच पिढीत पुन्हा वाणे आहेत. घरगुती संगणकातली साधी पट्टी म्हणजे यूडिम. मोठ्या सर्व्हरात लागते ती आरडिम. तिच्यावर प्रोसेसरकडून येणारे हुकूम आणि पत्ते सांभाळून पुढे पाठवणारी एक वेगळी चिप असते. एलआरडिममध्ये प्रत्यक्ष माहितीच्या तारांवरही असाच मध्यस्थ असतो. या तिघी एका सर्व्हरात एकत्र नांदत नाहीत. अडचण अशी की डीडीआर४मध्ये यूडिम आणि आरडिम यांची खाच एकाच जागी आहे, त्यामुळे हाताला दोन्ही सारख्याच लागतात. डीडीआर५ आणताना दोघींचा वीजपुरवठा वेगळा झाला, एकीला ५ व्होल्ट आणि दुसरीला १२, आणि खाचाही वेगळ्या करण्यात आल्या. जुन्या डीडीआर४ सर्व्हरांना ते संरक्षण नाही, आणि आज रॅम वाढवायला निघणारे सर्व्हर बहुधा त्याच पिढीचे असतात.

खरा धोका छोट्या सर्व्हरात जास्त आहे, कारण त्यात अनेकदा यूडिमच असते, फक्त चुका सुधारणारी, म्हणजे ईसीसी असलेली. साधी पट्टी एका वेळी ६४ बिट साठवते. ईसीसीची पट्टी त्यासोबत ८ बिट जादा ठेवते आणि त्यांच्या आधारे एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त करते, दोन बिटांची चूक ओळखून इशारा देते. अशा सर्व्हरात ईसीसी नसलेली पट्टी मिसळली तर काही मशीन सुरूच होत नाहीत, आणि काही सुरू होतात पण सगळ्याच पट्ट्यांची ईसीसी बंद पडते. पडद्यावर जीबीचा आकडा वाढलेला दिसतो, बिल दिले जाते, आणि गेलेल्या राखणीचा कोणाला पत्ता नसतो. एक बिट उलटल्याने काय बिघडते, असे कोणी विचारेल. खात्यात ५,००० हा आकडा पूर्णांक म्हणून मेमरीत असेल आणि उजवीकडून सतरावा बिट शून्याचा एक झाला, तर तो आकडा ७०,५३६ होतो. पुढच्या क्षणी तो डिस्कवर लिहिला गेला की तोच खरा ठरतो. हे क्वचितच घडत असेल असे मानण्याची सोय उरलेली नाही. बियांका श्रोडर आणि गूगलमधील दोन संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरांची अडीच वर्षांची नोंद तपासून २००९मध्ये निष्कर्ष मांडले. वर्षभरात सुमारे एक-तृतीयांश मशीनमध्ये आणि ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये किमान एक तरी दुरुस्त होण्याजोगी चूक सापडली. ज्या पट्टीत एकदा चूक दिसली, तिच्यात त्याच महिन्यात पुन्हा चूक दिसण्याची शक्यता किमान १३ पटींनी वाढलेली होती. ईसीसी होती म्हणून त्या चुका सुधारल्या गेल्या आणि मोजताही आल्या.

वेगाबद्दल मात्र गरजेपेक्षा जास्त भीती घातली जाते. प्रत्येक पट्टीवर तिची माहिती साठवणारी एक छोटी चिप असते. मशीन सुरू होताना ती वाचली जाते आणि सगळ्या पट्ट्या सर्वांत हळू पट्टीच्या चालीने चालवल्या जातात. २९३३च्या पट्ट्यांत २१३३ची एक आली की सगळ्या २१३३वर येतात, म्हणजे सुमारे २७ टक्के घट. पण बिलाच्या, नोंदींच्या किंवा फायली वाटण्याच्या कामात मेमरी पुरेशी असणे हे तिच्या वेगापेक्षा फार महत्त्वाचे. मेमरी अपुरी पडून डिस्कवर धावपळ सुरू झाली की होणारा उशीर याच्या कितीतरी पट असतो. ही तडजोड मी बिनदिक्कत करू देईन. आकारांची विषम वाटणी ही वेगळी गोष्ट. इंटेलच्या झिऑन ई५च्या २०१४च्या पिढीत प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे चार मार्ग आहेत. चारही मार्गांवर ८ जीबीची एकेक पट्टी असेल तर माहिती चौघींत वाटून एकदम वाहते. त्यात ३२ जीबीची एकच पट्टी घातली तर एकूण ६४ होतात खरे, पण वाढलेला अर्धा भाग एकाच मार्गावर जातो आणि तिथला प्रवाह जवळपास चौथाईवर येतो. ८ जीबीच्या आणखी चार घेतल्या असत्या तर हे टळले असते.

‘सर्व पट्ट्या एकाच कंपनीच्या घ्या, म्हणजे प्रश्न मिटला’ असा सल्ला सर्रास मिळतो. सर्व्हर वॉरंटीत किंवा देखभालीच्या करारात असेल तर तो ऐकावा, कारण मान्य नसलेली पट्टी दिसली की दुरुस्तीचा हक्क धोक्यात येऊ शकतो. तांत्रिक हमी म्हणून मात्र हा सल्ला तोकडा पडतो. जगातल्या बहुतांश रॅम चिपा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येतात. बाकीचे ब्रँड त्याच चिपा घेऊन पट्ट्या बनवतात. त्यामुळे एकाच नावाची पट्टी वर्षभराने घेतली तर तिच्यावरची चिप दुसऱ्याची निघू शकते, आणि दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांवर चिप एकच असू शकते. वाण, पिढी, ईसीसी आणि चिपांची रचना जुळत असेल तर वेगळ्या ब्रँडची पट्टी बहुतेक वेळा नीट चालते.

‘बहुतेक वेळा’ हे शब्द मी जाणून वापरले आहेत, म्हणूनच ‘चालतेय ना, मग झाले’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. पट्ट्या घातल्यावर सेटअपमध्ये जाऊन ईसीसी चालू आहे का, वेग किती ठरला आणि किती मार्ग भरले गेले हे पाहायला पाच मिनिटे लागतात. मेमटेस्ट८६सारखी चाचणी रविवारी रात्रभर लावून ठेवता येते. त्यानंतर पहिला महिनाभर सर्व्हरच्या नोंदवहीत दुरुस्त झालेल्या चुका दिसतात का, ते आठवड्यातून एकदा पाहावे. उन्हाळ्यात तर जरूरच. चिपेचे तापमान ८५ अंशांच्या पुढे गेले की मेमरीला आपली माहिती ६४ऐवजी ३२ मिलिसेकंदांत ताजी करावी लागते, आणि मे महिन्यात बंद खोलीत पंख्याच्या भरवशावर ठेवलेल्या सर्व्हरासाठी ती मर्यादा फार दूर नसते.

यापेक्षा सगळ्या पट्ट्या नव्याच घ्याव्यात, असाही एक आक्षेप येईल. स्लॉट भरलेले असतील आणि जुन्या पट्ट्या ४-४ जीबीच्या असतील तर तेच योग्य. पण एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जोरात चढले, आणि छोट्या संस्थेला धडधाकट पट्ट्या मोडीत काढायला सांगणे न्याय्य नाही. निरोप तेवढा बदलायला हवा. जुन्या पट्टीवरच्या चिकटपट्टीचा फोटो काढून दुकानदाराला पाठवावा. तिच्यावर ‘१६जीबी २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आर’ अशा धर्तीची ओळ असते: पीसी४ म्हणजे डीडीआर४, २४०० हा वेग, २आरएक्स४ ही चिपांची मांडणी, आणि वेगाच्या आकड्यापुढच्या जोडरेषेनंतर येणारे अक्षर म्हणजे वाण. आर असेल तर आरडिम, ई असेल तर ईसीसी असलेली यूडिम, यू असेल तर साधी, एल असेल तर एलआरडिम. ‘एक्स४’ आणि ‘एक्स८’ हाही फरक पाहावा, कारण आख्खी चिप बिघडली तरी काम चालू ठेवण्याची सोय अनेक सर्व्हरांत फक्त एक्स४ पट्ट्यांवरच मिळते. पट्ट्या आल्या की हीच ओळ, तारीख आणि स्लॉटचा क्रमांक एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवावा. पुढच्या वेळी झाकण उघडणारा माणूस बहुधा दुसराच असेल.