खीचनचे करकोचे आणि त्यांना सांभाळणारे गाव

राजस्थानातील फलोदी शहरापासून चार-पाच किलोमीटरवर, थरच्या वाळवंटात खीचन हे गाव आहे. फलोदीत १९ मे २०१६ रोजी तापमान ५१ अंश सेल्सिअसवर गेले होते, आणि भारतातील सर्वाधिक तापमानांमध्ये त्या नोंदीची गणना होते. परिसरात बारमाही नदी नाही. पाऊस तुटपुंजा, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबर या काळात पडणारा. असे असूनही दरवर्षी पावसाळा सरता सरता मध्य आशियातून हजारो कांड्या करकोचे येथे उतरतात आणि मार्चपर्यंत मुक्काम करतात. राजस्थानात या पक्ष्याला कुरजां म्हणतात. जून २०२५ मध्ये खीचन आणि उदयपूर जिल्ह्यातील मेणार या दोन पाणथळ जागांचा रामसर यादीत समावेश झाला आणि भारतातील रामसर स्थळांची संख्या ९१ झाली.

खीचनच्या पाणथळ क्षेत्रात रातडी नाडी आणि विजयसागर तलाव हे दोन जलाशय आणि त्यांच्या भोवतीचा खुरट्या झुडपांचा माळ येतो. नाडी म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे गावतळे. नाडीकडे ज्या जमिनीवरून पाणी वाहत येते तिला आगोर म्हणतात. आगोरात नांगर घालायचा नाही, घाण करायची नाही, पाण्याची वाट अडेल असे काही उभारायचे नाही, हा मारवाडातील गावांचा जुना दंडक आहे. वाहत्या पाण्याबरोबर माती येऊन तळ उथळ होतो, म्हणून उन्हाळ्यात नाडी कोरडी पडली की गाळ उपसावा लागतो. नाडी खोदली गेली ती माणसांच्या आणि गुरांच्या पाण्यासाठी. तिचा उथळ, उतरता काठ आणि सभोवारचा मोकळा माळ मात्र करकोच्यांनाही मानवला. पाण्यात उभे राहून चहूकडे नजर ठेवता येईल अशीच जागा हा पक्षी पसंत करतो.

जगातील करकोच्यांच्या पंधरा जातींमध्ये हा सर्वांत लहान. उंची सुमारे ९० सेंटिमीटर, वजन दोन ते तीन किलो. अंग राखाडी, डोके-मान काळी, छातीवर लोंबणारी लांब काळी पिसे आणि डोळ्यामागून मागे वळलेला पांढराशुभ्र तुरा. काळ्या समुद्रापासून मंगोलिया आणि ईशान्य चीनपर्यंत पसरलेल्या गवताळ प्रदेशांत त्याची वीण होते. मादी जमिनीवरच बहुधा दोन अंडी घालते. शरद ऋतूत हे थवे हिमालय ओलांडतात. नेपाळमधील काली गंडकीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या थव्यांवर सोनेरी गरुड झडप घालतात. त्या वर्षी जन्मलेली पिल्ले आईबापांबरोबरच हा प्रवास करतात.

करकोचे या भागात पूर्वीपासून येत. त्यांची संख्या फुगली ती गेल्या पाच दशकांत. खीचन हे जैन व्यापाऱ्यांचे गाव असून लाल दगडातल्या त्यांच्या कोरीव हवेल्या आजही उभ्या आहेत. जीवदयेच्या भावनेने कबुतरांना दाणे घालण्याचा प्रघात येथे होताच. १९७०च्या दशकात गावातील रतनलाल मालू हे असेच दाणे टाकत असताना, कबुतरे, चिमण्या आणि मोरांच्या जोडीला जेमतेम डझनभर करकोचे आले. पुढच्या हिवाळ्यांत आकडा वाढत गेला. अलीकडे हंगामाच्या ऐन भरात तो वीस हजारांच्या पुढे जातो. भटकी कुत्री पक्ष्यांवर तुटून पडू लागली तेव्हा पंचायतीच्या जागेवर कुंपण घालून चुग्गाघर उभे राहिले. चुग्गा म्हणजे पाखरांना घालायचा दाणा.

चुग्गाघरातील दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. ज्वारीची पोती फोडून दाणे आवारभर पसरून ठेवतात. रात्र गावाबाहेरच्या उघड्या मैदानात काढलेले थवे उजाडताच येऊ लागतात. ते थेट आत उतरत नाहीत. आधी घिरट्या घालतात, मग पाय खाली सोडून बाहेरच्या रेताड जमिनीवर बसतात आणि माना उंचावून अंदाज घेतात. काही धीट पक्षी आत गेले की मागची रांग हलते. आवारात सगळ्यांना एकदम जागा नसते. एक तुकडी पोट भरून उठते तेव्हा दुसरी उतरते. कर्कश कलकलाटात शेजारच्या माणसाचे बोलणेही धड ऐकू येत नाही. दाणे संपले की थवे नाडीवर जातात. तेथे पाणी पितात, शिवाय बारीक खडे गिळतात. पक्ष्यांना दात नसल्यामुळे पेषणीतले हे खडेच धान्य भरडतात. दिवसाचा बाकीचा वेळ आसपासच्या शेतांत आणि माळांवर जातो.

ही व्यवस्था वर्गणीवर चालते. हंगामात रोजचे धान्य क्विंटलांनी लागते. गावकरी, देशभर पांगलेली मूळची खीचनची जैन कुटुंबे आणि बाहेरचे दाते मिळून हा खर्च उचलतात. देणगी धान्याच्या रूपातही येते. पैशाइतकेच महत्त्व रोजच्या कामाला आहे: दाणे पसरणे, कुत्री हाकलणे, जखमी पक्षी उचलून उपचार मिळवून देणे. शिकार होऊ न देण्याचा शिरस्ता गावाने स्वतःच पाळला आहे. पक्षी बघायला पाहुणे येतात तेही बहुतेक घरांच्या गच्च्यांवरून, म्हणजे थवा बुजत नाही.

या यशाला दुसरी बाजूही आहे. इतके पक्षी एका आवारात दाटीने चरतात तेव्हा रोग पसरायला वेळ लागत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जोधपूरजवळच्या कापरडा येथे करकोचे मोठ्या संख्येने मेले. जानेवारी २०२५ मध्ये जैसलमेर जिल्ह्यात मेलेल्या करकोच्यांमध्ये बर्ड फ्लू असल्याचे निष्पन्न झाले. नुसत्या ज्वारीचा आहार निसर्गातल्या आहाराइतका विविध नसतो आणि आयत्या अन्नाने थव्यांची एका जागेवरची भिस्त वाढते. विजेच्या तारा हा आणखी एक धोका. धुक्यात किंवा एकदम उठताना पक्षी तारांवर आदळतात. गावकऱ्यांनी पाठपुरावा करून जवळच्या काही तारा हलवून घेतल्या, परंतु फलोदी जिल्ह्यातच भडला येथे २,००० मेगावॅटहून अधिक क्षमतेचे सौर ऊर्जा संकुल उभे असून थरमध्ये नव्या वाहिन्यांचे जाळे वाढत आहे.

लोकांच्या आधारावर पक्षी टिकल्याची उदाहरणे इतरत्रही आहेत. मेणारच्या ग्रामस्थांनी आपल्या तळ्यांत मासेमारी होऊ दिलेली नाही. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यात सारस धानाच्या बांधीत घरटे करतो आणि त्याचे रक्षण स्थानिक स्वयंसेवकांच्या साथीने शेतकरीच करतात. तिन्ही ठिकाणी पक्षी अभयारण्याच्या कुंपणाआड नाही. तो माणसाच्या वापरातल्या पाण्यावर राहतो.

रामसर कराराची चौकटही याला धरूनच आहे. १९७१च्या या करारात माणसाने खोदलेल्या आणि वर्षाचा काही काळच भरणाऱ्या जागाही पाणथळ मानल्या जातात. वापर बंद करण्याऐवजी तो शहाणपणाने करण्यावर त्यात भर आहे. खीचनपुरता याचा अर्थ ठोस आहे. आगोर मोकळा ठेवणे, गाळ काढणे आणि दाण्यांची शिस्त राखणे ही कामे गाव आजवर करत आले आहे आणि पुढेही करू शकेल. रोगांवर पाळत ठेवणे आणि विजेच्या वाहिन्या पक्ष्यांच्या मार्गातून दूर नेणे मात्र गावाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ती जबाबदारी पशुवैद्यक विभाग, वनखाते आणि वीज कंपन्यांची ठरते.