‘कॅम्प’ : एका लष्करी नामाची अर्थव्याप्ती

कोपर-डोंबिवली परिसरातील विद्यार्थ्यास ‘कॅम्प’ हा शब्द इंग्रजी शिकण्यापूर्वीच ठाऊक असतो. परंतु तो स्थलनाम म्हणून. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी तळ होता. १९४७ च्या फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. तिचे पाच विभाग मात्र आजही ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ म्हणूनच ओळखले जातात.

‘मैदान’ या अर्थाच्या लॅटिन ‘काम्पुस’पासून आलेल्या या नामाचा गाभा तात्पुरत्या मुक्कामाचा आहे; स्थलनामात नेमका तोच लोपला. म्हणून मराठी प्रतिशब्द संदर्भानुसार योजावा लागतो : कूच करणाऱ्या सैन्याचा ‘तळ’, रक्तदानाचे ‘शिबिर’, दुष्काळातील गुरांची ‘छावणी’ आणि राजकारणातील ‘गोट’. हे चारही शब्द मराठीच्या लष्करी व्यवहारातही रुळलेले आहेत, हे लक्षणीय होय.

क्रियापदाच्या योगाने अधिक सावधगिरी हवी. ‘ब्रेक कॅम्प’ म्हणजे ‘तळ उठविणे’. त्याचे ‘छावणी मोडली’ असे शब्दशः भाषांतर केल्यास सैन्याचे साधे प्रस्थान वाचकास पराभव वाटेल.