सिएनाची घोड्यांची शर्यत

इटली देशातील तोस्काना प्रांतात सिएना हे प्राचीन शहर आहे. शहराच्या मध्यभागी शिंपल्याच्या आकाराचा एक उतरता चौक आहे. दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट या दोन दिवशी या चौकाच्या कडेने माती अंथरून धावपट्टी तयार केली जाते आणि तिच्यावर घोडे धावतात. ही शर्यत 'पालिओ' या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. या चौकात ती १६३३ पासून प्रचलित आहे.

सिएना शहर सतरा पेठांमध्ये विभागलेले आहे. या पेठांच्या सीमा १७२९ मध्ये निश्चित करण्यात आल्या. गरुड, गोगलगाय, हंस, कासव अशी त्यांची नावे असून प्रत्येक पेठेचा स्वतंत्र ध्वज व स्वतंत्र देऊळ आहे. चौक अरुंद असल्यामुळे एका वेळी दहाच पेठा धावतात. मागील वर्षी ज्या सात पेठांना संधी मिळाली नव्हती, त्यांना प्रथम स्थान मिळते. उरलेल्या तीन चिठ्ठ्या टाकून निवडल्या जातात.

घोडाही चिठ्ठीनेच मिळतो. पेठ कितीही श्रीमंत असली, तरी तिला मनाजोगता घोडा विकत घेता येत नाही. स्वार मात्र पैसे देऊन ठरवले जातात आणि पेठापेठांमध्ये गुप्त सौदेही होतात. आश्चर्याची गोष्ट अशी, की हे सौदे तेथे खेळाचाच भाग मानले जातात.

शर्यतीचा आरंभ हा सर्वांत गोंधळाचा क्षण असतो. नऊ घोडे दोन दोरांच्या मध्ये उभे राहतात. दहावा घोडा मागून धावत आला, की शर्यत सुरू होते. तो केव्हा यायचे हे त्याचा स्वार ठरवतो. आपला शत्रू अडचणीत येईपर्यंत तो थांबून राहतो. तोवर घोडे बिथरतात, एकमेकांवर आदळतात आणि हजारो प्रेक्षक श्वास रोखून पाहत राहतात.

पुढे सुमारे दीड मिनिटात तीन फेऱ्या पूर्ण होतात. स्वार खोगिराविना बसलेले असतात. ते एकमेकांवर चाबूक उगारतात. तीव्र वळणावर काही जण खाली पडतात. तरीही स्वाराविना पुढे धावलेला घोडा प्रथम आला, तर त्याची पेठ विजयी ठरते. बक्षीस असते ते माता मरियेचे चित्र असलेला एक रेशमी ध्वज. विजयी पेठेतील अबालवृद्ध आनंदाने रडतात, तर प्रतिस्पर्धी पेठेत शोककळा पसरते.

या उत्साहाला एक दुःखद बाजूही आहे. वळणांवर घसरून आजवर अनेक घोड्यांनी प्राण गमावले आहेत. त्यामुळे प्राणिमित्रांनी या शर्यतीवर सातत्याने टीका केली आहे. आता वळणावरील भिंतींना गाद्या लावतात, पशुवैद्य घोड्यांची आधी तपासणी करतात आणि नाजूक पायांच्या शुद्ध वंशाच्या घोड्यांना घेतले जात नाही. धोका कमी झाला असला, तरी संपलेला नाही.

शर्यतीपूर्वी प्रत्येक घोड्याला पेठेच्या देवळात नेतात. 'जा आणि विजयी होऊन परत ये' असा आशीर्वाद धर्मगुरू त्याला देतात. विजय एकाच घोड्याच्या वाट्याला येतो; परंतु दहाही घोडे सुखरूप परत यावेत, ही जबाबदारी मात्र साऱ्या शहराची असते.